पाटीवर काय लिहावं?

माहूर हे पाहुण्यांना जेवू घालणारं गाव आहे. रेणुकामातेचं ठाणं साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. पुढे दत्तशिखर आणि अनसूयेचं मंदिर. सोनापीर बाबांची दर्गाह इथलीच, आणि वझऱ्याचा धबधबा शेख फरीद बाबांच्या नावाने ओळखला जातो. नवरात्रात आणि दत्तजयंतीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. एवढी माणसं आली की त्यांना चहा लागतो, भजी लागतात, थाळी लागते, आणि गडावरून उतरताना विड्याच्या पानांचा कुटलेला तांबूल लागतो. गावातली कितीतरी घरं, त्यांची आणि आपली, याच खाण्यापिण्यावर चालतात.

गेल्या वर्षी या खाण्यात बर्गरची भर पडली. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून एका तरुणाने छोटं हॉटेल काढलं. सहा टेबलं, पुढे दोन तवे, मागे एक फ्रीज, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. हा मुलगा माझा विद्यार्थी. बी. कॉम. झाला, तीन वर्षं हैदराबादला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबला, आणि साठवलेले पैसे घेऊन परत आला. त्याची खासियत म्हणजे ‘शामी बर्गर’. शाळेत मुलं त्याचीच चर्चा करायची. माझी नववीतली मुलगी दोन महिने मागे लागली होती.

तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एकच सवाल होता. ‘हॅमबर्गर’ या शब्दात ‘हॅम’ आहे आणि हॅम म्हणजे डुकराचं मांस, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. हा गैरसमज आपल्या पुष्कळ घरांत आहे, म्हणून इथेच सांगून टाकते. या नावाचा डुकराशी काही संबंध नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून ते आलं. कुटलेल्या मांसाचा पदार्थ त्या शहराच्या नावाने अमेरिकेत ओळखला जाऊ लागला, पुढे तो गोल पावात बसला, आणि 1921 पासून तिथे त्याची साखळी दुकानं निघू लागली. नावात काही नाही, पण आत काय आहे हे मात्र प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं.

आणि खरं पाहिलं तर हा पदार्थ आपल्याला परका कुठे आहे? 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दस्तरख्वानाची चव आजही आपल्या घरात आहे. कीम्याची लुखमी आहे, खिचडी-खट्टा-कीमा आहे, आणि शामी तर आहेच. कीमा आणि हरभऱ्याची डाळ आलं-लसूण, सुक्या मिरच्या आणि खडा मसाला घालून शिजवायची, पाणी पूर्ण आटवायचं, पाट्यावर बारीक वाटायचं, कांदा, पुदिना, कोथिंबीर आणि एक अंडं घालून चपट्या टिकिया करायच्या आणि तव्यावर खरपूस भाजायच्या. ही टिकिया पावात ठेवली की बर्गर झाला. त्या पोराने केलं ते एवढंच.

एका रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही निघालो. अम्मी, मी आणि मुलगी. मुलांचे अब्बू नांदेडला गेले होते. मुलीची मैत्रीण आणि तिची आई वाटेत भेटल्या. त्या बाई शेजारच्या मराठी शाळेत शिकवतात. घर पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतो पण अंडं नाही. मुलींनी आपसांत ठरवून टाकलं होतं, त्यामुळे आम्ही पाच जणी एकाच टेबलाशी बसलो.

मला चार प्रश्न विचारायचे होते आणि मी ते विचारायला सुरुवात केली. अम्मींनी माझा पदर ओढला. म्हणाल्या, “नाम अपनेवाले का है ना? फिर पूछते क्या बैठना?”

अम्मींचं हे म्हणणं आपल्यापैकी बहुतेकांचं म्हणणं आहे. पाटीवरचं नाव ओळखीचं दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण कुरआनात खाण्याबद्दल ‘हलाल’ या शब्दाला ‘तय्यब’ हा शब्द जोडून येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं, शरीराला मानवणारं. पहिल्या शब्दाची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी दुसऱ्याची घेत नाही. हॉटेलवाला आपला असला म्हणून कढईतलं तेल तय्यब होत नाही.

म्हणून मी विचारलं. कोंबडी कुठून येते? त्याने सांगितलं, मामूच्या दुकानातून, रोज सकाळी, जिबह करताना तो बऱ्याचदा स्वतः हजर असतो. फक्त चिकनच का? तो हसून म्हणाला, “टीचर, चिकनचा कीमा दिसायला पांढरा आणि सांगायला सोपा.” त्याच्या हसण्यामागचं मला कळलं. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती, 2015 पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. बारीक केलेलं मांस कोणतं हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि कोणाला शंका आली तर ती फिटेपर्यंत दुकान उरेल याची खात्री नसते. गर्दीच्या गावात धंदा करणाऱ्या पोराने ती वाटच सोडली. हदीसमध्येही संशयाच्या गोष्टींपासून दूर राहण्याची शिकवण आहे. इथे तर दीन आणि धंदा दोन्हीकडून एकच सल्ला मिळत होता.

मग तेलाचं विचारलं. शामी तव्यावर भाजली जाते, तिला तेल थोडंच लागतं. बटाट्याच्या काड्या मात्र कढईत तळतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात शरीराला घातक घटक वाढत जातात. सरकारने जुलै 2018 पासून त्यावर मर्यादा घातली आहे. तेलातले ‘पोलर’ घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचं. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट झालं, दाट झालं, वर फेस धरू लागलं, लवकर धूर सोडू लागलं की त्याचं आयुष्य संपलं. त्याने कढई पुढे केली. तेल सोनेरी होतं.

शेवटचा प्रश्न कीम्याचा. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा वरच्या बाजूला असतात, कीमा केला की तेच आत सगळीकडे पसरतात. म्हणून चिकनच्या कीम्याची टिकिया मधोमध कच्ची, गुलाबी राहता कामा नये. शामीत कीमा आधी पूर्ण शिजवून घेतात, त्यामुळे आपल्या आजी-नानींची पद्धत इथे कच्च्या कीम्याच्या टिकियेपेक्षा सुरक्षित ठरते. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धडा तिला तव्यासमोर कळला.

माझे प्रश्न संपले आणि मराठी शाळेतल्या बाईंचे सुरू झाले. त्या थोड्या संकोचल्या होत्या. आपण विचारलं तर याला राग येईल, असं त्यांना वाटत असावं. पण मी एवढी चौकशी केलेली पाहून त्यांना धीर आला. व्हेजचा तवा वेगळा आहे का? उलथनं? फ्रीज? मेयोनीजमध्ये अंडं असतं ना?

पोराने दोन्ही तवे दाखवले. व्हेजच्या उलथन्याच्या दांड्याला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली, दुसऱ्याला लाल. बटाट्याची कढई वेगळी, तिच्यात मांसाचं काही पडत नाही. फ्रीज मात्र एकच आहे, हे त्याने आपणहून सांगितलं. वरच्या कप्प्यात भाजी आणि टिक्की, खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात चिकन. मेयोनीजचं पाकीट त्याने बाईंच्या हातातच दिलं. त्यावर हिरवा ठिपका होता, म्हणजे अंडं नाही.

त्या हिरव्या ठिपक्यात आपलाही फायदा आहे, हे मी मुलीला दाखवलं. चीज घट्ट करायला रेनेट लागतं. ते वासराच्या पोटातून काढलेलंही असतं आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलंही असतं. जेली-मिठायांत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं. आपल्या देशात ज्या पाकिटावर हिरवी खूण आहे त्यात दूध, मध असे मोजके अपवाद सोडले तर जनावरापासून आलेलं काही घालता येत नाही. म्हणजे जी खूण बघून त्या बाई निश्चिंत होतात, तीच बघून या बाबतीत आपणही निश्चिंत व्हावं. दोन घरांचे दोन वेगळे नियम आणि उत्तर एकाच ठिपक्यात.

बर्गर यायला वेळ होता. पोरगा टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “टीचर, एक मश्वरा हवा होता. बोर्ड रंगवायला टाकायचा आहे. अब्बांचं नाव लिहू की नको?”

सध्या त्याच्या पाटीवर नुसतं ‘बर्गर’ लिहिलेलं आहे. वडिलांचं नाव लावायची त्याची फार इच्छा. वडिलांनी याच रस्त्यावर पंचवीस वर्षं हातगाडीवर चहा विकला. पण मित्र सांगतात, नाव लावलंस तर परगावचे भाविक पुढे निघून जातील. दुसरे सांगतात, नाव नाही लावलंस तर उद्या कोणीतरी म्हणेल, ओळख लपवून आम्हाला खाऊ घातलं. दोन्ही बाजूंनी भीतीच. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने पहिल्या पाटीसाठी एवढा विचार करावा, याचं मला वाईट वाटलं.

ही भीती काही त्याने मनातून काढलेली नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या हॉटेलांनी मालकांची नावं पाटीवर लावावीत, असे आदेश निघाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 22 जुलै रोजी न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. तुमच्याकडे कोणतं अन्न मिळतं हे लिहायला सांगता येईल, पण मालकांची आणि कामगारांची नावं लिहायची सक्ती करता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. मला तो आदेश फार शहाणपणाचा वाटतो. खाणाऱ्याला ताटात काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. शाकाहारी माणसाला आहे, उपवास करणाऱ्याला आहे, आपल्यालाही आहे. तव्यामागे उभ्या असलेल्या माणसाची जात-जमात ही त्या ताटातली वस्तू नाही.

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणंही कधी कधी अंगलट येतं. ऑगस्ट 2019 मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या भारतातल्या कंपनीला एका ग्राहकाने समाजमाध्यमावर विचारलं, तुमचं मांस हलाल आहे का? आमच्या सर्व उपाहारगृहांकडे हलाल प्रमाणपत्र आहे, असं कंपनीने कळवलं, आणि बहिष्काराची हाक उठली. 1996 मध्ये दिल्लीत पहिलं दुकान उघडताना याच कंपनीने गाईचं आणि डुकराचं मांस बाजूला ठेवलं होतं. एवढी मोठी कंपनी सगळ्यांना सांभाळून घेता घेता एका उत्तरावर अडकली. मग माहूरच्या सहा टेबलांच्या पोराने काय करावं?

मी काही बोलायच्या आधीच मराठी शाळेतल्या बाई बोलल्या. “तू आत काय आहे ते सगळं लिही. चिकन हलाल आहे, लिही. व्हेजचा तवा वेगळा आहे, लिही. हलाल मी खाणार नाही, चिकनच खात नाही मी. पण लिहिलेलं असलं म्हणजे मला विचारताना लाज वाटणार नाही.”

मी त्यात एकच गोष्ट जोडली. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली छोट्या हॉटेलवाल्यालाही नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीला 14 अंकी क्रमांक असतो, आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं दुकानात लावायचं असतं. त्यावर मालकाचं नाव असतंच. ते चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लाव. नाव ज्याला वाचायचं आहे तो वाचेल, लपवल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. अब्बांचं नाव पाटीवर लावायचं की नाही हे मात्र तू आणि अब्बांनी ठरवायचं. लावलंस तर प्रेमाने लाव, नाही लावलंस तर भीतीने नको. तो मान हलवून तव्याकडे गेला. त्याने अजून ठरवलेलं नाही.

बर्गर आले. शामी वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि पुदिन्याचा वास पहिल्या घासाला येतो. त्याने शेंगदाण्याची ओली चटणी लावली होती, हिरव्या मिरचीची, आणि तीच या पदार्थाची खरी जान आहे. पाव मला जरा गोड लागला. मेयोनीज निम्म्याने कमी चाललं असतं. अम्मींनी वरचा पाव उचलून आत पाहिलं आणि जाहीर केलं, “ये तो शामीच है रे, डबलरोटी में!” शेजारच्या टेबलावरचीही माणसं हसली. बाईंनी बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर खाल्ला. त्यांना ती चटणी इतकी आवडली की कशी केली ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. अम्मींना अर्धाच संपला, उरलेला आम्ही कागदात बांधून घेतला. अन्न वाया घालवणं आपल्याकडे इसराफ आहे, मग ते सत्तर रुपयांचं का असेना. तीन शामी आणि दोन व्हेज मिळून 310 रुपये झाले.

पावाबद्दल मी त्याला एक सुचवलं. बेकरीत कोणती चरबी वापरतात ते विचार. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असतं आणि ते हृदयाला वाईट. जानेवारी 2022 पासून आपल्या देशात त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे. मोठ्या कंपन्या ती पाळतात का हे सरकार बघेल, गावातल्या बेकरीला मात्र गिऱ्हाइकानेच विचारावं लागतं. त्याने हे बेकरीवाल्याला विचारलेलंच नव्हतं. विचारतो म्हणाला.

घरी आल्यावर अम्मी म्हणाल्या, एवढे प्रश्न विचारणं म्हणजे मुसलमानावर शक घेणं नाही का? त्यांना मी दोन हदीस आठवून दिल्या. दोन्ही आपल्या घरांत माहीत आहेत, पण आपण त्या एकत्र ठेवून बघत नाही.

पहिली हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली. काही लोकांनी प्रेषितांना (सल्ल.) विचारलं की नवमुस्लिम लोक आम्हाला मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं की नाही हे आम्हाला कळत नाही. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सांगितलं, तुम्ही बिस्मिल्लाह म्हणा आणि खा. म्हणजे उगाच माणसाच्या मागे लागायचं नाही, त्याच्या श्रद्धेची झडती घ्यायची नाही.

दुसरी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची. प्रेषित (सल्ल.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर त्यांनी त्याला बजावलं, भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं! फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असंही त्यांनी सुनावलं. तो व्यापारी कोणाचा कोण, हे विचारलं नाही. हात धान्यात घातला.

या दोन्ही हदीस एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. माणसावर विश्वास ठेवायचा आणि मालाची परीक्षा करायची. आपण पुष्कळदा उलटं करतो. मालाकडे बघत नाही आणि माणसाची परीक्षा घेतो, हा आपला, हा त्यांचा. आज आपल्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत बाहेर जे चाललं आहे त्याचं आपल्याला दुःख होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण आपणही पाटीवरचं नाव वाचूनच आत जात असू, तर तोच तराजू आपल्याही हातात आहे.

वाचक भगिनींना एक विनंती करावीशी वाटते. बाहेर खायला जाणं आता आपल्या लहान गावांतही आलं आहे. मुली कॉलेजला जातील, नोकरीला जातील, रोज घरचा डबा मिळणार नाही. ‘तिथे जाऊ नको’ एवढं सांगून भागणार नाही. त्यांना बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर विचारा. मांस कोणाकडून आणता? जिबह कोण करतं? तेल किती दिवसांचं आहे? नोंदणीचा कागद कुठे आहे? आवाज चढवायचा नाही, सलाम करून, नमस्कार करून विचारायचं. जो दुकानदार चिडेल त्याच्याकडे नाही गेलं तरी चालतं. जो कढई पुढे करेल, फ्रीज उघडून दाखवेल, त्याचे दुसऱ्यांकडे चार चांगले शब्द बोलायचे, मग त्याचं नाव काहीही असो. आणि उत्तर मनाला पटलं की बिस्मिल्लाह म्हणायचं आणि गरम आहे तोवर खायचं.